खोकला वगळून

मुले अकरा, परीक्षक तीन, सतरंजीचा पडदा एक आणि मागच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष तात्या. नाट्यशिबिराची जागा मात्र एकच.

पडदा ही माझी कल्पना. शाळेत विज्ञान शिकवायला येऊन मला चार महिने झाले होते. ही जागा दरवर्षी ओळखीतल्या मुलाला जाते, हे पहिल्याच आठवड्यात कळले होते. म्हणून मुलांनी पडद्याआडून बोलायचे. नाव सांगायचे नाही, फक्त चिठ्ठीत निघालेला नंबर. विषय: गृहपाठ का झाला नाही, हे बाईंना पटवून द्या.

अकरा जणांत तात्यांचा नातू राजवीर होता आणि सातवीतली आदिती. आदितीला ही जागा हवीच होती. स्नेहसंमेलनात ती सलग दोन वर्षे झाड झाली होती आणि झाडाला संवाद नसतात.

पहिल्या पाचही जणांच्या वह्या म्हशीने खाल्ल्या. मग सहावा आवाज आला.

"बाई, म्हस वही खाती हे खोटं हाय. मी आमच्या म्हशीम्होरं गणिताची वही धरली. तिनं हुंगली आन् तोंड फिरवलं. जनावराला जे पचंना, ते मला कसं पचंल?"

तात्या खोकले. चांगले तीनदा. तिन्ही परीक्षकांची पेने एकदम हलली. तीसपैकी तीस.

अकराही जणांचे झाल्यावर पडदा काढला, तेव्हा सहाव्या नंबरवर आदिती उभी होती. राजवीरची चिठ्ठी नऊ नंबरची, गुण आठ.

परीक्षकांतले पीटीचे बाळासो सर वळून म्हणाले, "तात्या, तुम्ही तर खोकलासा की."

"मला वाटलं आमचाच हाय," तात्या म्हणाले. मग निकालात चूक झाली आहे, फेरी परत घ्या, असे त्यांनी जाहीर केले.

मीही लगेच हो म्हटले. आदितीला ते पटले नाही.

"मॅडम, जिंकल्यालं परत द्यायचं व्हय?"

"त्या तीस गुणांतले खोकल्याचे किती आणि तुझे किती, ते मला बघायचंय."

ती नाक फुगवून रांगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या नव्याने काढल्या. विषय बदलला. परीक्षक म्हणून शिक्षकखोलीतून दुसरे तिघे आणले. तात्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा दिला आणि दार लावून घेतले.

राजवीर, तीसपैकी बारा. आदिती, तीसपैकी सव्वीस, अकरांत पहिली.