शटरमागचे शर्ट

त्या दिवशी ताईंच्या अंगात कुणाशी भांडायचंही त्राण नव्हतं. वडिलांच्या माघारी कपड्यांचा कारखाना त्याच चालवत होत्या. आजूबाजूचे कारखानदार परदेशातून तयार माल मागवून त्यावर नुसती इस्त्री फिरवत. ताई मात्र हट्टाने सगळं आपल्याच छताखाली शिवून घेत. संध्याकाळी सहाला मशीन बंद म्हणजे बंद. प्रत्येक शर्टाच्या कॉलरमागे लेबल असायचं, 'आमच्याच कारखान्यात, योग्य मजुरी देऊन शिवलेला.' लोक तोंडभरून कौतुक करायचे. कौतुकाने पाठदुखी काही थांबत नव्हती.

पॅकिंगच्या टेबलावर सहज हात फिरवताना एका शर्टाची काजं बोटांना खरखरीत लागली. खालच्या शर्टाचीही तशीच. त्यांनी धाकट्या भावाला केबिनमध्ये बोलावलं. माल वेळेवर पोचवायचं काम त्याचं.

"हे आपल्याकडे शिवलेलं नाही."

भाऊ एकदम उसळला. "ऑर्डर केवढी, माणसं किती! वर सहानंतर तू मशीनला हात लावू देत नाहीस. मग काय, मी शिवत बसू?"

"कुठे दिलंस?"

"जाऊ दे ना, ताई."

"गाडी काढ."

गावाबाहेर एका गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ताई वाकून आत शिरल्या. आत पाच बायका, पाच मशीन, एकच पंखा, तोही भिंतीकडे तोंड करून, कापड उडू नये म्हणून. गरम तेलाचा वास डोक्यात जात होता. कोपऱ्यातली बाई ताईंना बघून ओळखीचं हसली.

"मागे आले होते मी तुमच्याकडे. जागा नाही म्हणालात."

ताईंना तिचा चेहराही आठवेना.

"काम काढून नेणार का आता?" बाईने विचारलं. तिचा पाय मशीनच्या पायडलवर चालूच होता. ताई तशाच वाकून बाहेर पडल्या.

परतताना भाऊच कासावीस झाला. "बोल ना काहीतरी. शिव्या तरी घाल."

"दमलेय रे," ताई म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

कारखान्यात पोचल्यावर त्यांनी ऑर्डर देणाऱ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला फोन लावला. काही शर्ट बाहेर शिवले गेले होते, ते लेबल काढून येतील, बाकीचे उशिरा, असं सरळ सांगून टाकलं.

"अहो मॅडम, लेबल कोण वाचतं?" तो म्हणाला. "आहे तसं पाठवा की."

ताईंना हसूच आलं. हा प्रश्न त्यांनाही कितीदा पडला होता. तरी त्या बधल्या नाहीत, आणि त्याने अर्धी ऑर्डर तिथल्या तिथे कापली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना जमवलं. झालेलं सांगितलं. नमुने शिवायच्या खोलीत मशीन मांडून गॅरेजातल्या बायकांना कामावर घ्यायचं ठरवलंय, हेही सांगितलं. टाळ्याबिळ्या काही वाजल्या नाहीत.

"ऑर्डर गेली आणि माणसं वाढवताय?" कॉलर शिवणाऱ्या मावशी फटकन म्हणाल्या. "उद्या आमचंच काम कमी पडलं तर?"

"पडेलही," ताई म्हणाल्या. "कसं जमवायचं ते मलाही अजून कळलेलं नाही, मावशी."

मावशी डबा बंद करून, पाय आपटत निघून गेल्या. दुपारभर भाऊ ताईंच्या समोर बसून लेबलं उसवत होता. दोनदा त्याने माफी मागितली. तिसऱ्यांदा तोंड उघडल्यावर ताईंनी नुसतीच शर्टांची आणखी एक चळत त्याच्यापुढे सरकवली.

सोमवारी पाचातल्या तिघीच आल्या. उरलेल्या दोघींना गॅरेजवाल्या मालकाने म्हणे दम भरला होता. कोपऱ्यातली ती बाई आली होती. तिने आल्या आल्या खोलीतल्या दोन्ही खिडक्या उघडल्या. मावशी तिच्याशी बोलल्या नाहीत, पण तिच्या धाग्याचं रीळ संपल्याचं दिसल्यावर आपल्याकडचं नेऊन दिलं.

ताई केबिनमध्ये गेल्या आणि टेबलावर डोकं टेकून चक्क झोपल्या. फोन वाजला तसा भावाने धावत येऊन उचलला.

"ताई मीटिंगमध्ये आहेत," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय ते मला सांगा."