हातोडेमामाचा शेवट

रविवारी दुपारी सोफावाल्याने दुकानाचं शटर आतून खाली ओढलं, फोमच्या जाड लाद्या भिंतींना टेकवल्या आणि जाहीर केलं, "आज हातोडेमामा संपलाच पाहिजे."

"सकाळपासून तीनदा संपवलाय," ड्रममागून धाकटी म्हणाली. "मेल्याला समजतच नाही."

सोफावाला तसा शांत माणूस. आठवडाभर लोकांचे बसके सोफे उसवायचे, आत सापडलेली नाणी, पेनं, एखादी कवळी मुकाट्याने परत द्यायची आणि नवं कापड ताणून खिळे ठोकायचे, हे त्याचं काम. पण गळ्यात गिटार पडली की त्याच्यात वारं शिरायचं. त्याची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर "मोठ्ठा आ करा, अजिबात दुखणार नाही" असं खोटं बोलून तिचा जीव आंबायचा. मग संध्याकाळी ती दोन्ही पायांनी आणि दोन्ही हातांनी ड्रमवर खरं बोलायची. बेसवर होता नळ दुरुस्त करणारा शेजारी. तो फारसा बोलायचाच नाही.

दोन वर्षं तिघं मिळून एक अल्बम करत होते. लहानपणीच्या व्हिडिओ गेममधल्या लढायांचं संगीत, हेवी मेटलच्या दणक्यात. नऊ लढाया, नऊ राक्षस. गायन नाही, शब्द एकही नाही, हा सोफावाल्याचा कडक नियम. आठ झाल्या होत्या. नववी अडून बसली होती, आणि उद्या सकाळच्या बसने धाकटी परगावच्या नव्या नोकरीवर निघायची होती. ड्रम इथे, ती तिथे. आज झालं तर झालं, नाहीतर हातोडेमामा कायमचा राहिला.

अडचण अशी, की गेममधल्या लढाईच्या संगीताला शेवटच नसतो. ते गोल फिरत राहतं, तुम्ही राक्षसाला मारेपर्यंत किंवा तो तुम्हाला मारेपर्यंत. करणाऱ्याने शेवट रचलेलाच नाही, तर वाजवणाऱ्याने आणायचा कुठून? आधीच्या आठांचा आवाज त्यांनी हळूहळू कमी करत विझवला होता. पण याच्या बाबतीत धाकटी ऐकेना.

"याला विझवलं तर आपण घाबरून पळालो असं वाटेल, दादा."

दादालाही ते पटलेलं होतं. दोन्ही हातांत हातोडे घेतलेला हा शेवटचा राक्षस. हातोडेमामा हे नाव धाकटीनेच ठेवलेलं, सात वर्षांची असताना. तीन वर्षं दोघं शाळेतून आली की दप्तरं फेकून त्याच्याशी लढायची. एकदाही जिंकली नाहीत. लढाई ऐन रंगात आली, की टीव्हीचा पडदा काळा व्हायचा. आईने मेन स्विच पाडलेला असायचा. "अभ्यास!" एवढंच आतून ऐकू यायचं.

सकाळपासूनचे तीन प्रयत्न असे गेले. पहिल्यात कोणीच थांबायची खूण केली नाही आणि तिघं चौदा मिनिटं वाजवत बसले. दुसऱ्यात नळवाल्याचा फोन वाजला, कुणाची तरी टाकी वाहत होती. तिसरा अप्रतिम जमला होता, तेवढ्यात दुकानामागच्या घरातून आईचा स्वच्छ, खणखणीत आवाज त्यात कायमचा जाऊन बसला. "चहा गार होतोय रे!"

"सुचलं!" सोफावाला एकदम म्हणाला. "आपल्या लढाईचा खरा शेवट काय होता? आईने वीज घालवणं. तसंच करायचं. ऐन रंगात सगळं बंद. आई! ए आई, जरा बाहेर ये!"

आई पदराला हात पुसत आली. दर आठवड्याला कीर्तन ऐकायला पहिल्या रांगेत बसणारी बाई ती. तिच्या दृष्टीने संगीत म्हणजे ज्याच्या शेवटी देव भेटतो ते. या घरातल्या दणदणाटाच्या शेवटी भेटायची फक्त डोकेदुखी. तरी मुलांची सेवा समजून ती सोसायची.

"हे बघ, तू या मेन स्विचपाशी उभं राहायचं. आम्ही वाजवतो. योग्य वेळी पाडायचा."

"योग्य वेळ कुठली?"

"लहानपणी ठरवायचीस तशीच."

आईने स्विचवर हात ठेवला, मग गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. "पण तेव्हा मी ती लाल पट्टी बघायचे. इथे पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"अरे टीव्हीवर वर नसायची का, तुमचा जीव किती उरलाय ते दाखवणारी? एकदा हरलात तेव्हा हिने दोन दिवस घास गिळला नाही. तेव्हापासून मी दाराच्या फटीतून लक्ष ठेवायचे. लाल पट्टी अगदी संपत आली, आता माझी लेकरं हरणार असं दिसलं, की पाडला स्विच. अभ्यासाचं आपलं नुसतं नाव."

धाकटीने काठ्या खाली ठेवल्या.

"आई," सोफावाला म्हणाला, "लाल पट्टी त्याची होती. आमची हिरवी."

आईचा हात स्विचवरून खाली आला.

"म्हणजे?"

"म्हणजे दर वेळी आम्ही जिंकायला आलो की तू..."

आई जवळच्या अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर मटकन बसली. उघड्या स्प्रिंगा तिच्याखाली किंचाळल्या. "अगं बाई! देवा रे! म्हणजे तीन वर्षं मी राक्षसाला वाचवत होते? मी? पहिल्या रांगेत बसून राक्षस मेला की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारी मी?"

धाकटीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "दादा, आपण चांगले खेळायचो रे!"

"चांगले?" नळवाला म्हणाला. दिवसभरातलं त्याचं पहिलंच बोलणं. "रोज जिंकायचात."

आई उठली, ती कंबरेला पदर खोचूनच. "वाजवा. आज त्याला सोडायचा नाही."

"स्विच कधी पाडणार?"

"हात लावणार नाही मी त्याला! आमचे कीर्तनकार युद्ध तासभर गातात, पण राक्षस कधी मारायचा ते त्यांना कोणी सांगावं लागतं का? लोकांचे चेहरे बघून कळतं. तुम्ही तिघं आपापल्या बोटांकडे बघता, मग तुम्हाला कळणार कसं? माझ्याकडे बघा."

मग सुरू झालं. गिटार करवतीसारखी फिरली, बेसने जमिनीतून खाली पाया घातला, धाकटीचे दोन्ही पाय धावत सुटले. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. आई आधी नुसती मान हलवत होती. तिसऱ्या फेऱ्याला ती टाळ्या देऊ लागली, चौथ्याला डोळे मिटून डोलायला लागली, आणि सोफावाल्याला वाटलं, आता ही कुठली बंद करते, ही तर रमली. पाचवा फेरा सगळ्यात उंच जागी चढला, तशी आईने डोळे उघडले, लेकीकडे रोखून पाहिलं आणि हात वर करून ओरडली,

"आत्ता!"

धाकटीच्या दोन्ही काठ्या एकदम खाली आल्या. गिटार नि बेस तिच्याबरोबर कोसळले. झांज थरथरत राहिली, बारीक होत गेली, थांबली.

तीस वर्षांपूर्वीचा हातोडेमामा दुकानाच्या फरशीवर उताणा पडला होता, चौघांनाही दिसत होता.

सोफावाल्याने लॅपटॉपवर ते पुन्हा ऐकलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद, कुठे तडा नाही. शेवटी तेवढा एक शब्द. पुसून टाकायच्या बटणावर त्याचं बोट गेलं.

"पुसून तर बघ," धाकटी म्हणाली. "तुझ्या दातांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत."

बोट मागे आलं. झाला अल्बम. नळवाला बेस पिशवीत घालायला लागला, धाकटी मनगटं चोळत उभी राहिली. आई मात्र पुन्हा सोफ्यावर जाऊन बसली.

"आणि ते बाकीचे आठ? त्यांना कसं मारलंत?"

"त्यांचा आवाज हळूहळू कमी करत नेलाय, आई."

"म्हणजे मेले नाहीत. लांब गेलेत नुसते."

सोफावाल्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने घड्याळाकडे पाहिलं, बस उद्या सकाळी होती. तिने काठ्या पुन्हा उचलल्या.

आईने पाय वर घेऊन मांडी ठोकली. "लावा पहिला."