तळ्यातले ओठ

उजाडायच्या आधीच तळ्याकाठी पाय ठेवायला जागा उरत नसे. नव्या सिमेंटच्या पायऱ्यांवर माणसे दाटीवाटीने उभी राहत. नाकाला रुमाल, हातात पाव, दूध, पिठाच्या गोळ्या. रुमाल काढायचा तो फक्त हाक मारण्यापुरता. कोणी आईला हाक मारी, कोणी भावाला, कोणी गेलेल्या लेकराला. मग हिरव्या, साय धरलेल्या पाण्यातून मासे वर येत. एक नाही, दोन नाही, काठभर मासे. तोंडे पाण्याबाहेर काढून ओठ हलवत. उघड, मीट. उघड, मीट.

"बोलताहेत," असे कोणीतरी पुटपुटे आणि सगळ्या पायऱ्या हुंदके देऊ लागत.

सर्वांत वरच्या पायरीवर गादीच्या खुर्चीत महाराज बसत. गेलेली माणसे माशांच्या रूपाने घरच्यांना भेटायला येतात, असे ते सांगत. पाण्यातल्यांना आवाज नसतो, नुसते ओठ असतात, आणि ते ओठ वाचायची विद्या जगात एकाच माणसाकडे होती. तो माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. कुठल्याही माशाकडे बोट दाखवून ते निरोप सांगत. मी सुखात आहे. तू रडू नकोस. दूध आणतेस, त्यात पाणी घालू नकोस. एका बाईला तिच्या नवऱ्याने माशाच्या तोंडून कळवले की शेजाऱ्याला भिंत पुढे घेऊ दे. शेजारी महाराजांचा सेवेकरी होता. मेलेल्या माणसालाही किती बारीकसारीक माहिती असते, याचे लोकांना नवल वाटले.

कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानदाराला हे ऐकून शिसारी येई. लोक त्याला हवावाला म्हणत. बायको फुफ्फुसाच्या आजाराने गेली, तेव्हापासून त्याची लेक बोलेनाशी झाली होती. घर सांभाळायला आलेली त्याची बहीण एका पहाटे पोरीला तळ्यावर घेऊन गेली. परत आल्यावर पोर पोटभर जेवली. हवावाल्याने दात-ओठ खाल्ले, पण पोरीच्या रिकाम्या ताटाकडे बघून गप्प बसला.

मग स्वयंपाकघरात बाटली आली. आत रंगाच्या डब्यातल्यासारखे हिरवे पाणी. महाराजांनी सांगितले होते की रविवारी पहाटे पोरीने हे अनशापोटी प्यायचे, म्हणजे आईचा आवाज तिला स्वतःच्या कानांनी ऐकू येईल. हवावाल्याने बूच काढले आणि तोंड फिरवले. गटारात मेलेली घूस आठवावी असा वास.

"हे तू माझ्या पोरीला पाजणार?"

"दादा, तुझं काय जातंय? पोरीला आई भेटतेय."

त्याने बाटली मोरीत ओतायला घेतली. पोर धावत आली, त्याच्या मनगटाला लोंबकळली आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. म्हणाली, "तेव्हाही मला खोलीबाहेर बसवलंस. आई काय बोलत होती ते ऐकू दिलं नाहीस."

त्याने बाटली खाली ठेवली.

शनिवारी पहाटे तो पहिल्यांदाच पोरीबरोबर तळ्यावर गेला. माणसांना ढकलत अगदी खालच्या पायरीवर उतरला. पाण्यावर फेस होता, फेसात भिजून फुगलेले पाव होते आणि पावांच्या मधून माशांची तोंडे वर आली होती. लोक ओठ बघत होते. त्याने कल्ले बघितले. कल्ले भात्यासारखे उडत होते.

हे तोंड त्याच्या ओळखीचे होते. शेवटच्या दिवसांत बायकोचे तोंड असेच उघडत होते. उशाशी जमलेले नातेवाईक म्हणाले होते, देवाचं नाव घेतेय. त्याने कान तिच्या ओठांना लावला होता. ती म्हणत होती, खिडकी उघड.

त्याला तिथेच ओकारी झाली. सेवेकऱ्याने पाठीवर हात फिरवला आणि मोठ्याने सांगितले, "पाप बाहेर पडतंय, पडू दे." लोकांनी हात जोडले.

तो तिथून थेट शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या घरी गेला. बाई दार उघडून त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण सदरा खराब झालेला होता.

"बाई, ते मासे बोलत नाहीत. त्यांना श्वास पुरत नाही."

"मी वर्षभर हेच ओरडतेय," बाई म्हणाल्या. "तळ्याच्या समितीनं मला नास्तिक ठरवून वाटेला लावलं. आत या."

चहा निवत राहिला आणि बाई सांगत राहिल्या. काठाला पूर्वी माणूसभर उंच लव्हाळी आणि पाणकणसं होती. शहराच्या गटाराचं पाणी त्यांच्यातून गाळून तळ्यात यायचं. सुशोभीकरणाच्या नावाखाली ती उपटली आणि पायऱ्या बांधल्या. आता गटार सरळ आत. त्यात उन्हाळे लांबलेत. उन्हात ठेवलेल्या सोड्यातला गॅस उडून जातो, तशी तापलेल्या पाण्यात हवा टिकत नाही. घाणीवर हे हिरवं शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते हवा सोडतं, रात्री मात्र स्वतःच हवा खातं. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही, म्हणून मासे वर येतात. ऊन चढलं की आपोआप खाली जातात.

"आणि ऊन चढलं की महाराज म्हणतात, आत्म्यांना तेज सोसत नाही," हवावाला म्हणाला.

"तळ्यामधलं कारंजं आठवतं? त्यानं रात्रभर पाण्यात हवा मिसळायची. महाराज आल्याबरोबर ते बंद करवलं. आवाजानं आत्मे बुजतात म्हणे. आधी ते मत्स्यबीज केंद्रावर नोकरीला होते, भाऊ. तिथला शिपाईसुद्धा सांगेल की हवेचा पंप बंद केला की पहाटे मासे तोंड वर काढतात."

हवावाल्याने निवलेला चहा एका घोटात संपवला. मग त्याने विचारले, हवा दिली तर?

"तर त्यांचं बोलणं बंद पडेल. आणि ते पाणी पोरीला पाजू नका. असल्या शेवाळात विष असतं, यकृतावर जातं. काठावरची कुत्री उगाच मेली नाहीत."

रविवारी पहाटे हवावाल्याने दुकानातला इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हातगाडीवर चढवला. जुन्या ट्यूबांना सुईने भोके पाडली. आयुष्यभर भोके बुजवली, आज पाडतोय, असे तो बाईंना म्हणाला, पण हसला नाही.

गाडी पायऱ्यांपाशी आली तेव्हा पोर आत्याशेजारी उभी होती. बाटलीचे बूच उघडले होते.

"बाळ, थोडं थांब," हवावाला म्हणाला. "आधी मी यांना हवा देतो. मग तुला प्यायचं तर पी."

सेवेकरी आडवे आले. गर्दीतून कोणी म्हणाले, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. बाईंनी वरच्या पायरीकडे बघून शांतपणे विचारले, महाराजांचे आत्मे हवेला घाबरतात का? महाराज हसले. एवढ्या लोकांसमोर हसावेच लागले.

"लाव, बापड्या, लाव. हवेनं हलेल तो आत्मा कसला?"

इंजिन धडधडू लागले. दगड बांधलेल्या ट्यूबा डाव्या कोपऱ्यात तळाशी गेल्या आणि पाणी खदखदले. थोडा वेळ काहीच झाले नाही. सेवेकऱ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. आत्याने पोरीचा हात बाटलीसकट वर उचलला, पण पोरीने तो सोडवून घेतला. ती पाण्याकडे बघत होती.

एक मोठा मासा वळला. बुडबुड्यांपाशी आला, तोंड मिटले आणि खाली गेला. त्याच्यामागून दुसरा, मग थवाच. डाव्या कोपऱ्यात पाण्यावर एकही तोंड उरले नाही. उजवीकडे मात्र उघड, मीट चालूच होते.

"यंत्रानं बुजवलं त्यांना," महाराज उठून म्हणाले. "पळाले बिचारे."

"पळाले असते तर लांब गेले असते," पोर म्हणाली. "ते तर जवळ आले."

तिचा आवाज लहान होता, पण इंजिनाच्या धडधडीतही पुढच्यांनी तो ऐकला आणि मागच्यांना सांगितला. मग बाई बोलल्या. गटार, उपटलेली लव्हाळी, लांबलेले उन्हाळे, बंद कारंजे, सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "तुमचं दूध आणि पीठसुद्धा आत कुजतं आणि उरलीसुरली हवा खातं. ज्यांना तुम्ही आई म्हणून हाक मारता, त्यांचा गळा तुम्हीच रोज पहाटे आवळता."

एका म्हाताऱ्याने हातातला पाव खिशात घातला. एक बाई हवावाल्याला शिव्या देत रडू लागली, आणि त्याला तिचा राग आला नाही. महाराज ध्यानाची वेळ झाली म्हणून निघाले ते मागच्या रस्त्याने. दुसऱ्या दिवशीही काही माणसे दूध घेऊन आलीच. ज्याला रोज आई भेटत होती, त्याच्याकडून ती एका सकाळीत काढून घेता येत नाही.

पोरीने बाटलीला बूच लावून ती तपासणीसाठी बाईंच्या हातात दिली. घरी परतताना हातगाडीचा दांडा धरून तिने विचारले, "आईलाही असंच होत होतं?"

"हो."

"ती माझं नाव घेत होती?"

खोटे बोलणे सोपे होते. महाराज रोज तेच करत होते.

"नाही गं. खिडकी उघड म्हणत होती."

"मग उघडलीस?"

"उघडली. सगळ्या उघडल्या."

पोर रडली. घरापर्यंत रडली, आणि हा रडवणारा बाप तिच्याबरोबर चालत राहिला.

कॉम्प्रेसरने तळे जगत नाही. कारंजे चालू करावे लागेल, गटार अडवावे लागेल, लव्हाळी पुन्हा लावावी लागतील, आणि ते काम कोणाच्या हाकेने होणार नाही. तोवर एवढे तरी करा. माणूस असो की मासा, कोणी तोंड उघडून धापा टाकताना दिसला, तर त्याचा निरोप काय हे दुसऱ्याला विचारत बसू नका. आधी त्याला हवा द्या.