काटेवाल्याच्या घरातला काटा

गावातल्या निम्म्या तराजूंवर काटेवाल्याचं शिशाचं सील होतं. भाजीबाजार, खाटीक, पोस्ट, सोनार, कुणाचाही काटा बिघडला की यालाच बोलावणं. "माणूस खोटं बोलेल, माझा काटा बोलणार नाही," हे त्याने बावीस वर्षांच्या संसारात बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिने ते कधीच मान्य करून टाकलं होतं. औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यावर ती चुकूनही चढत नसे. काटेवाल्याच्या बायकोने परक्या काट्यावर उभं राहायचं म्हणजे नवऱ्याचं नाकच कापायचं.

आणि आता तिचा सगळा जीव घरातल्या त्या एका काट्यात अडकला होता. पाच तासांवरच्या शहरात राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या, बारक्याच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा यंत्राला टोचून घेत तो दिवस ढकलत होता. तपासण्यांत ताईची किडनी जुळली. पण ताईचं वजन अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "पंच्याहत्तरच्या खाली उतरा, मग या. तोवर तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

ती पेटून उठली. काटेवाल्यानेही बाह्या सरसावल्या, आणि सुरुवातीला त्यात काही खोट नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दर गुरुवारी दोघं पिशवी घेऊन बाजारात जात. दुकानात तो खिशातलं भिंग काढून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाची. "पौष्टिक म्हणे! हे बघ, निम्मी साखर," असं मोठ्याने म्हणून बिस्किटं परत फळीवर आपटी, आणि दुकानदार दुसरीकडे बघे. घरातला साखरेचा डबा शेजारी गेला. तेल बाटलीतून ओतायचं बंद झालं, चमच्याने मोजून पडायला लागलं. बटाट्याला हद्दपारी. कोबीचं सूप, उकडलेली मसूर, काकडी, अंडी, पुन्हा कोबीचं सूप. तिने लसूण भाजून घातला, मिरी कुटून घातली, लिंबू पिळलं, तरी कोबी तो कोबीच. काटेवाला मात्र हूं की चूं न करता तिच्या बरोबरीने वाटी संपवी.

रविवारी सकाळी ती अनशापोटी काट्यावर चढे आणि तो वाकून आकडा मोठ्याने वाची, दुकानात वाचतो तसा. चार महिन्यांत अठ्ठ्याऐंशीचे ऐंशी झाले. त्या दिवशी तिने बारक्याला फोन करून सांगितलं, "आता फक्त पाच राहिले रे, तयारीत राहा." काटेवाला शेजारीच उभा होता. तो ऐकत होता.

त्यानंतर काटा हलेना.

ऐंशी. एकोणऐंशी. पुन्हा ऐंशी. तिने अंडं सोडलं. मसूर निम्मी केली. ग्रंथालयातल्या नोकरीत पुस्तकं लावताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग ती कपाटाला धरून उभी राहायची. कपडे अंगावर लोंबायला लागले, पण तिला वाटायचं, धुऊन धुऊन सैल झाले असतील. एकदा पालक धुताना लग्नाची अंगठी बोटातून सुटून पाण्यात पडली. काटेवाल्याने ती शोधून काढली, आतून दोरा गुंडाळला आणि स्वतःच्या हाताने तिच्या बोटात घातली. मान खाली घालून, एकेक वेढा घट्ट करत.

"मग काटा का उतरत नाही हो?" तिने विचारलं.

"वय झालं की शरीर हट्टी होतं," तो म्हणाला. "तू तुझ्याकडून केलंस ना? कुणी नावं ठेवणार नाही. पुरे कर आता."

"एकदा हॉस्पिटलात जाऊन दाखवू का?"

"ऐंशी किलो घेऊन? परत पाठवतील. कशाला शोभा करून घ्यायची?"

फोनच्या पडद्यावर बारक्या म्हणायचा, "ताई, गाल कुठे गेले गं तुझे?" ती म्हणायची, "कॅमेराच बारीक दाखवतो." जो खरं बोलत होता त्याला तिने वेड्यात काढलं आणि लोखंडाच्या डब्यावर विश्वास ठेवला. असे दहा आठवडे गेले.

अकराव्या गुरुवारी काटेवाल्याला दुसरीकडे काम निघालं. ती एकटीच बाजारात गेली. बटाटेवालीने तिला हटकलं.

"वहिनी, आजारी आहात का? ओळखूच आला नाहीत."

"आजारी कसली? एकोणऐंशी किलोची बाई आहे मी."

बटाटेवाली खो खो हसली. "एकोणऐंशी? जन्म गेला माझा पोती उचलण्यात, मला कळत नाही होय? चढा बघू इथे. तुमच्याच साहेबांनी परवा नीट करून दिलाय. ग्रॅमचा फरक नाही."

नवऱ्याचं सील होतं, म्हणून ती चढली. काटा एकोणसत्तरवर थांबला. ती उतरली, चपला काढल्या, पुन्हा चढली. मग बटाटेवालीकडून पन्नास किलोचं बंद पोतं ठेववून पाहिलं. काटा बरोबर पन्नासावर. पोत्यांवर बसूनच तिने भावजयीला फोन लावला. "मी एकोणसत्तर झालेय! रात्रीच्या गाडीने निघते."

भावजय म्हणाली, "ताई, नका येऊ. मागच्या आठवड्यात इन्फेक्शन हृदयापर्यंत गेलं. डॉक्टर म्हणतात, आता यांना ऑपरेशन सोसणार नाही. कधीच नाही. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

मग बारक्या फोनवर आला. आवाज अगदी तळाला गेलेला. "ताई, तू खूप केलंस. आता माझ्यासाठी उपाशी नको राहूस. आज पोटभर जेव. वचन दे."

तिने वचन दिलं आणि दोन किलो बटाटे घेतले.

घरी काटेवाला गाजरं चिरत होता. एकसारखे तुकडे. तिने बाथरूममधला काटा उचलून आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"उघडा."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बटाट्यांकडे. पेचकस आणला, चार स्क्रू काढले. आतल्या पट्टीवर घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. मोकळा असताना काटा शून्यावर राहील आणि माणूस चढला की जास्त वजन दाखवेल, असं बेमालूम काम. दर शनिवारी थोडं थोडं केलेलं.

"तू ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नसतीस तर?" तो खाली बघत म्हणाला. "मला तुझ्याशिवाय कोण आहे? वाटलं, कंटाळशील, सोडशील. तू सोडेचनास."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. तो जगला असता."

"आत्ता नीट करून देतो," तो पुटपुटला आणि खरंच पट्टी सरळ करायला बसला. तिला त्याचा तिटकारा आला. तिने कढई चढवली. बाटलीतून, न मोजता, तेल ओतलं. बटाटे तळले, मीठ भुरभुरलं, ताट भरून घेतलं आणि खायला बसली. घास खाली उतरत नव्हता. पोट खायचं विसरलं होतं. तरी वचन होतं, म्हणून ती चावत राहिली, डोळ्यांतून धारा लागल्या तरी.

"मी बसू?" काटेवाल्याने विचारलं.

"आधी बारक्याला फोन लावा," ती म्हणाली. "माझं वजन महिन्यापूर्वीच पंच्याहत्तरच्या खाली उतरलं होतं, हे त्याला तुमच्या तोंडाने सांगा. मोठ्याने. दुकानात वाचता तसं."

"अगं, आता त्याला सांगून..."

"लावा."

त्याने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. दोन घंट्या गेल्या. मग पलीकडून तो दमलेला, मायाळू आवाज आला.

"भाऊजी? ताई जेवली का हो?"

काटेवाल्याने तोंड उघडलं. तिने ताट बाजूला सारलं आणि तो काय बोलतो याची वाट बघत बसली.