स्वच्छ चमचा

शेवटच्या साध्या दिवशी, रविवारी दुपारी, मी बाबांना लापशी भरवत होते. टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता.

बाबा चाळीस वर्षं सिनेमागृहात ऑपरेटर होते. हजारो सिनेमे पाहिले, पण एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता यायची नाही. "शेवटी कोण मेलं?" असं विचारलं की म्हणायचे, "मी ठिपका बघत होतो, बयो." रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात सेकंदांनी दुसरा दिसला की उजेड तिकडे वळवायचा. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या.

त्या दुपारीही ठिपका दिसला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं तोंड डावीकडे ओघळलं होतं, उजवा हात मात्र शाबूत होता. तो सवयीनं वर गेला, चमच्यावर आपटला, आणि तोंडातला अर्धा घास माझ्या मनगटावर पडला. कोमट, बुळबुळीत. मी उठले आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. परत आले तर ते माझ्या ओल्या हातांकडे बघत होते.

"वास येतो का गं माझा?"

"छे! काहीतरीच काय, बाबा."

"पोट भरलं," म्हणाले आणि तोंड मिटलं. वाटी निम्मीही संपली नव्हती. मी आग्रह केला नाही. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवायला गेले, तर ते गेले होते.

तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. कोमट काही जिभेला लागलं की मी ताट सरकवायचे. तीन महिन्यांत कपडे अंगावर लोंबायला लागले.

"तायडे, काडी झालीस," भाऊ म्हणाला. "वारा सुटला तर तुला दोरीवर चिमटा लावून ठेवावं लागेल." मग हसू आवरून त्यानं एक पत्ता दिला. सिनेमे दाखवून दुःख हलकं करणारा गट. "दुःखावरची पुस्तकं वाचून झाली ना तुझी सगळी? आता हे कर. माझ्यासाठी."

दातांच्या दवाखान्यावरची खोली होती. खालून औषधाचा वास येत होता. आठ खुर्च्या, एक पडदा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदी रुमालांचं नवंकोरं खोकं. रडण्याची इतकी जय्यत तयारी पाहून मला शिसारी आली. समुपदेशक बाईंनी कागद वाटले. पहिलाच प्रश्न : 'कोणत्या प्रसंगात तुम्ही स्वतःला पाहिलंत?'

"इथं लाजायचं नाही बरं का," बाई म्हणाल्या.

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर होते. ते माझ्याकडे झुकले. "मागच्या वेळी कुत्र्याचा सिनेमा होता. बायको गेली तेव्हा एवढा नव्हतो रडलो. वर बसली असेल शिव्या देत."

सिनेमा सुरू झाला. आजारी बाप, सेवा करणारी मुलगी. बापाची उशी पांढरीशुभ्र. मुलगी सूप भरवते, बाप ते गिळतो, हनुवटीवर थेंब नाही. चमचा तोंडातून बाहेर येतो तो घासून ठेवल्यासारखा लख्ख. मुलगी बापाच्या गालाला गाल लावते. मागे व्हायोलिन. समोरच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला, ड्रायव्हरकाकांनी नाक शिंकरलं. मला वाटलं, आता उलटी होणार. कसला बाप हा? याला लाळ नाही, याच्या चादरीला डाग नाही. आणि ही बया हात कधी धुते?

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. जुन्या प्रतीवरून उतरवलेला सिनेमा असणार.

"ठिपका!" मी ओरडले. माझा हात वर गेला होता. मांडीवरचं खोकं खाली पडलं.

बाईंनी सिनेमा थांबवला. पडद्यावर चमचा तसाच अधांतरी राहिला.

"कसला ठिपका हो?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

मी सांगितलं. मोटर, सात सेकंद, शिट्ट्या. कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"वडील ऑपरेटर होते तर. त्यांना तुम्हीच भरवायचात?"

"हो."

"असंच?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

मला 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती, कागदावर प्रसंगही लिहिता आला असता. घरी जाऊन मी पुन्हा ताट सरकवलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मी श्वास रोखून भरवायचे. मला त्यांची किळस यायची. ज्यांनी मला भरवलं, पुसलं, धुतलं, त्यांची. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, वास येतो का. मी छे म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. निम्म्या वाटीवर उपाशी राहिले, माझा त्रास वाचावा म्हणून."

खोलीत कुणी रडलं नाही. ड्रायव्हरकाकांनी खाली पडलेलं खोकं उचललं, पण मला दिलं नाही, स्वतःजवळच धरून ठेवलं.

बाई हळू म्हणाल्या, "आज त्यांनी विचारलं तर?"

मी त्या लख्ख चमच्याकडे पाहिलं.

"येत होता, बाबा," मी म्हणाले. "खूप वास येत होता. तरी अजून दोन घास खा."