माझ्या नाकातला बोळा

मी परसातली पत्र्याची शेड बोलतेय. तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम माझं, आणि ते मी इमानेइतबारे करते. लोकांना चोराची भीती वाटते, सापाची वाटते. मला माझीच वाटते. का, ते सांगते.

मला आबांनी उभं केलं. आबा म्हणजे आमच्या मिस्त्रीचे वडील, जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. पत्रे जुने, अँगल जुने, पण डोकं शाबूत. मागच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर त्यांनी एक लांबट खिडकी ठेवली. छपराच्या माथ्यावर भोक पाडून वाऱ्यावर आपोआप फिरणारा पत्र्याचा भोपळा बसवला.

सुनेने, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोने, विचारलं, "आबा, खिडकी एवढी खाली कशाला? मांजरं शिरतील."

"शिरू देत," आबा म्हणाले. "गार हवा खालून येते, तापलेली वरून जाते. पत्र्याच्या खोलीला नाक नसेल तर तिची भट्टी होते, सूनबाई."

दारसुद्धा त्यांनी असं टांगलं, की बाहेरून पहार घालून वर उचललं तर बिजागरीतून सुटावं. कधी मोठं कपाट बाहेर काढायचं झालं तर उपयोगी पडेल, म्हणून.

मिस्त्री सुतारकाम करतो. हात गुणी, कान मात्र कामापुरतेच उघडे. त्याचा जीव पॉलिशमध्ये. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण दिसला की त्याचा अख्खा दिवस नासायचा. आणि माझ्या खिडकीतून वारा आला की खाली पडलेला भुसा उडणारच. म्हणून त्याने एक युक्ती काढली. पॉलिशचा दिवस असला की खिडकीला फळी ठोकायची, स्टुलावर चढून भोपळ्याच्या गळ्यात गोणपाटाचा बोळा कोंबायचा, आणि कोणी दार ढकलून धूळ आत आणू नये म्हणून आतून कडी लावायची. पॉलिश वाळलं की सगळं मोकळं.

थंडीच्या दिवसांत ते खपून गेलं. मग एकामागून एक पॉलिशचीच कामं आली. रोज काढा-घाला कोण करणार? फळी तशीच राहिली, बोळाही तसाच. ऊन चढत गेलं. वर भोपळा मजेत फिरायचा, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, सगळं ठीक आहे. आत मी गुदमरत होते.

आबा एकदा दारातून वाकून बघून म्हणाले, "वर काय कोंबलंयस रे?"

"काढतो आबा, एवढं टेबल होऊ दे."

"मला तर आत पाय टाकवत नाही," बायको म्हणाली.

"पंखा आहे की."

पंखा! तो बिचारा माझ्यातलीच तापलेली हवा उचलून त्याच्या तोंडावर फेकायचा. त्यात थिनरचा वास. पण मिस्त्रीला वाटायचं, आपल्याला सवय आहे.

त्या दुपारी माझ्या पत्र्यावर हात ठेवला असता तर चटका बसला असता. मिस्त्री टेबलाच्या एकाच पायाला तिसऱ्यांदा पॉलिश करत होता. मग फडकं शोधू लागला. फडकं हातातच होतं. सकाळी घामाने भिजलेला त्याचा शर्ट कोरडा झाला होता आणि कपाळ लालबुंद. थोड्या वेळाने तो माझ्या भिंतीला पाठ टेकून बसला. त्या तापलेल्या पत्र्याला! मी वाट बघत होते, आता उठेल, आता शिवी देईल. तो उठला नाही. त्याला चटका कळलाच नाही. तेव्हा माझं धाबं दणाणलं.

मी ओरडले. म्हणजे, पत्रे कडाकडा वाजवले. पण उन्हात पत्रे रोजच वाजतात, त्यामुळे घरात कोणी मान वर केली नाही.

अखेर बायको आली. "अहो, पाणी आणलंय." उत्तर नाही. पॉलिश करताना तो बोलत नाही, हे तिला माहीत होतं. बाटली दारापाशी ठेवायला ती वाकली. आता ही ठेवून जाणार, आणि मी याला मारणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण तिथे सकाळची बाटली तशीच होती, भरलेली. तिने ती उचलून बघितली आणि दार बडवायला लागली.

"आबा! लवकर या! हे बोलत नाहीत!"

आबा पहार घेऊन धावत आले. त्या गुडघ्यांनी कसे धावले, देव जाणे. बिजागरीच्या बाजूने पहार घातली, सुनेने खांदा लावला, आणि दार उचलून बाजूला पडलं. दोघांनी त्याला सावलीत ओढलं, अंगावर पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी तो घरी आला. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता. हे बायको शेजारणीला सांगत होती आणि मी ऐकत होते.

मग माझे लाड झाले. गोणपाट बायकोने जाळून टाकलं. फळी निघाली. छपराला पांढरा चुना लागला. मिस्त्री दुपारचं काम बंद करून सकाळ-संध्याकाळ बसू लागला. वर्षभर मी मोकळा श्वास घेतला. मधल्या थंडीत आबा गेले. शेवटच्या दिवसांतही काठी टेकत येऊन भोपळ्याखाली हात धरून बघायचे, हवा जातेय ना.

आज पुन्हा ऊन रणरणतंय. मोठं जेवणाचं टेबल पॉलिशला आलंय आणि उद्या द्यायचंय. बायको सकाळीच बाहेर गेली. खिडकीला फळी लागली आहे. मिस्त्री स्टुलावर उभा आहे, हातात जुन्या चादरीचा बोळा. "तासाभराचं तर काम," असं स्वतःशीच म्हणाला.

अरे मिस्त्री, ऐक माझं. टेबलावर कण बसला तर घासून पुन्हा हात मारशील. खाली उतर. नाहीच ऐकायचं, तर निदान कडी तरी लावू नकोस. दार उचलायला आता आबा नाहीत.