दहा वजा करायचे

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, मापाची. गोल चामडी डबीत गुंडाळून बसणारी कापडी टेप. कागदोपत्री माझी लांबी तीस मीटर. खरं सांगायचं तर त्यात दहा सेंटिमीटर कमी आहेत, आणि माझी सगळी कहाणी त्या दहांचीच आहे.

कारखान्यात एका बाईनं माझ्या टोकाला पितळी कडी शिवली आणि माझी रवानगी थेट जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत झाली. तिथं माझी गाठ पडली तपासणी करणाऱ्या साहेबांशी आणि त्यांच्या कारकुनाशी. दोघं वीस वर्षं एकाच गाडीतून शाळा तपासत फिरत होते. जुन्या नवरा-बायकोसारखं त्यांचं झालं होतं. निम्मं बोलायचंच नाही, समोरच्याला कळलंय असं धरून चालायचं.

एकदा कारकुनानं गाडीचं दार धाडकन लावलं. माझं टोक अजून बाहेरच होतं! कडीसकट माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटून रस्त्यावर पडले. फार वाईट वाटलं. त्या कडीचा मला भारी तोरा होता.

साहेबांनी माझं तुटकं टोक चष्म्यापाशी धरलं. आता माझी सुरुवातच दहाच्या आकड्यापासून होत होती.

"म्हणजे यापुढे दहा वजा करायचे," साहेब म्हणाले.

"हो, करायचे," कारकून म्हणाला.

कुणी करायचे, हे काही ठरलं नाही. साहेबांना वाटलं, कारकून वजा करूनच आकडा सांगतो. कारकुनाला वाटलं, साहेब लिहिताना वजा करतात. मी दोघांच्या मधे ताणलेली, मला सगळं दिसत होतं. पण टेपला विचारतंय कोण!

अशातच वरून हुकूम आला. जिल्ह्यातल्या चार सरकारी हायस्कुलांची तुलना करा. जिथे नववी-दहावीच्या खोल्या सहा मीटरपेक्षा अरुंद असतील, तिथले ते वर्ग बंद करा. आता गंमत बघा, चारही शाळा एकाच नकाशावरून एकाच गवंड्यानं बांधलेल्या. पण तो नकाशा केव्हाच वाळवीनं फस्त केला होता.

नदीकाठच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या घरी. बाजारातल्या शाळेत गणिताचे सर भाजीवाल्यांच्या वरताण ओरडून शिकवत होते. फाट्यावरच्या शाळेला मैदान एवढं की नजर पुरेना, पण चेंडू एकच, तोही फुसका. हे मोजायला तक्त्यात रकानाच नव्हता. रुंदी तेवढी मी तिन्हीकडे दाखवली सहा मीटर पाच सेंटिमीटर. साहेबांनी 'पात्र' असं लिहून टाकलं.

चौथी शाळा टेकडीवरची. निघताना कारकुनाच्या हाती कचेरीची नवी कोरी स्टीलची टेप पडली होती. "हिला आता पेन्शन द्या," म्हणत साहेबांनी मला तिथल्याच खिडकीत ठेवलं. स्टीलबाईंनी अचूक मोजलं. पाच मीटर पंच्याण्णव.

"पाच सेंटिमीटर कमी," साहेब हळहळले. "टेकडीवर गवंड्याला जागा पुरली नसेल. नियम म्हणजे नियम, मोठ्या बाई. तुमच्या मुलांना नदीकाठच्या शाळेत पाठवावं लागेल."

मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांनी, तक्त्यावर सही केली. स्टीलच्या टेपचं दुसरं टोक भिंतीशी धरून उभ्या असलेल्या मावशी मात्र ते सोडायला तयार होईनात. मावशी त्या शाळेच्या शिपाई. त्यांची नात तिथेच नववीत होती. नदीकाठची शाळा म्हणजे दोन बसगाड्या. मावशींच्या लेकीनं आधीच बजावलं होतं, "एवढ्या लांब मी पोरीला धाडणार नाही. शाळा बंद झाली तर घरी बसेल." मला चोरट्यासारखं झालं. हा घोळ माझ्याच टोकाचा होता.

साहेब गेल्यावर मावशींनी मला खिडकीतून उचललं. मन रमवायला म्हणून त्यांनी शाळेच्या कचेरीच्या दाराची उंची माझ्यानं मोजली आणि तो आकडा सांगून शिंप्याकडून पडदा शिवून घेतला. दुसऱ्या दिवशी पडदा लावला तर तो वीतभर नाही, पण चांगला चार बोटं जमिनीवर लोळतोय!

"आजी, हा पडदा आहे की केरसुणी?" नात खो खो हसली. मग तिनं मला हातात घेतलं, टोक उलटसुलट पाहिलं आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आजी... ही टेप दहापासून सुरू होते."

मावशींनी पदर खोचला आणि मोठ्या बाईंना घेऊन थेट शिक्षण कचेरी गाठली. मी पिशवीत.

"साहेब, ही टेप दहापासून सुरू होते, ठाऊक आहे ना?"

"अहो, ठाऊक आहे की! आम्ही दहा वजा करतो."

"कोण करतं?"

"हे करतात," साहेबांनी कारकुनाकडे बोट दाखवलं.

"साहेब करतात," कारकून त्याच क्षणी म्हणाला.

साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ होता, हे मी सांगायलाच हवं. दोघं त्याच पावली उठले आणि तिन्ही शाळा स्टीलच्या टेपनं पुन्हा मोजून आले. तिन्हीकडे पाच मीटर पंच्याण्णव. साहेबांनी वर लिहून कळवलं : 'चारही शाळांच्या खोल्या तंतोतंत सारख्या. चूक माझी.' वरून उत्तर आलं, 'चारही ठिकाणचे वर्ग बंद करून मुलांना बसवणार कुठे? आहे तसं चालू द्या.'

आता मी टेकडीवरच्या शाळेत दहावीच्या वर्गात खिळ्याला लटकलेली असते. माझा कापडी देह विरलाय, आकडे पुसट झालेत. मावशींची नात पहिल्या बाकावर बसते. माझ्या डबीवर तिनं चिठ्ठी चिकटवलीय : 'दहापासून सुरू.'

माझं एवढंच मागणं आहे. मला टाकून देऊ नका, अजून एकोणतीस मीटर नव्वद मी खरं बोलू शकते. फक्त मोजताना दहा वजा करा. आणि कोण करणार, ते आधी एकमेकांना विचारा.